बेडूकवाले तायडे

आमच्या दवाखान्यात एकूण चौऱ्याहत्तर जण होते. त्यांतले सत्तर बेडूक. उरलेल्या चौघांत एक डॉक्टरसाहेब, एक नर्सबाई, एक मी म्हणजे कारकून, आणि चौथे किसन तायडे. सरकारी कागदावर त्यांना प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणत आणि सगळ्या तालुक्यात बेडूकवाले. शिपाई पाचवा, पण तो हजर कमी असे म्हणून धरला नाही. वेळेवर हजर, रजेचा अर्ज नाही, प्रवासभत्त्याचं बिल नाही, असे कर्मचारी म्हणाल तर ते सत्तरच.

मी वाढवून सांगतो असं लोक म्हणतात. म्हणोत. सत्तर नसतील, चाळीस असतील. पण पावसाळ्यात ते एकदम ओरडायला लागले की मूर्तिजापूरहून येणारी छोटी गाडी स्टेशनाच्या अलीकडंच उभी राहायची. ड्रायव्हरला वाटे समोरून दुसरी गाडी येते आहे. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, निदान एकदा तरी.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. वाशीम जिल्हा तेव्हा झाला नव्हता, आम्ही अकोल्यात मोडत होतो. बाईला दिवस गेलेत की नाही हे आज लोक घरच्या घरी पट्टी बुडवून बघतात. त्या वेळी ते बेडकाला विचारावं लागे. दिवस गेले की बाईच्या अंगात एक द्रव्य तयार होतं आणि ते रक्तात, लघवीत उतरतं. नर बेडकाच्या पाठीच्या कातडीखाली ते टोचलं की दोन-तीन तासांत बेडकाच्या मुतात शेपटीवाले शुक्रजंतू येतात. एक थेंब काचेवर घ्यायचा आणि दुर्बिणीखाली बघायचा. शेपट्या वळवळल्या तर पेढे, नाही तर नाही. तायडे बायकांना एवढंच सांगत, “बेडकाले खबर लागली बाई, आता घरी सांगाले हरकत नाई.”

तायडे उंच आणि इतके बारीक की वाऱ्याच्या दिवशी ते कामरगावच्या नाल्यावर बेडूक धरायला निघाले की नर्सबाई त्यांच्या खिशात दोन वजनं टाकत असे. उजव्या कानामागं शिसपेन्सिल. दोन्ही बाजूंनी टोक केलेली. एक टोक मोडलं तर दुसरं. बेडूक ठेवलेल्या प्रत्येक मडक्यावर पेन्सिलीनं आकडा, प्रत्येक नळीवर पेन्सिलीनं नाव, आणि एका जाड वहीत प्रत्येक बेडकाची कुंडली, तीही पेन्सिलीनं. बेडूक धरला की आधी त्याच्या दोन्ही काखांत चिमटा काढायचे. नर असला की तो कुरकुरतो. मादी गप्प राहते. “आपल्यासारखंच हाय,” ते म्हणत. मग टोचण्याआधी त्या बेडकाला सांगत, “माफ कर गड्या.” प्रत्येक वेळी. एक काम झालं की त्या बेडकाला आठ दिवस सुट्टी, तीन कामं झाली की नाल्यावर नेऊन सोडायचे. स्वतः तायड्यांनी मात्र सहा वर्षांत सहा रविवार घेतले असतील तर शपथ.

पेन्सिलीवरून त्यांचं आणि माझं कायमचं वाजे. माझं अक्षर म्हणजे काय अक्षर होतं. नागपूरच्या एका मोठ्या साहेबानं माझा किरकोळ रजेचा अर्ज काचेत घालून भिंतीवर लावला होता, रजा नामंजूर करून. निळी शाई, जाड निब, वळणदार वेलांट्या. तायड्यांचे महिन्याचे तक्ते पेन्सिलीनं भरून यायचे आणि मी ते परत करायचो.

“सरकारी कामात पेन्सिल चालत नाही, तायडे.”

“काहून चालत नाई? वाचता येते ना?”

“उद्या कुणी खोडलं तर?”

“खोडन तं दिसन खोडलेलं. शाई पाण्याले भेते, बाबू. शिसं भेत नाई. माह्या खोलीत सारं ओलंच हाय.”

मग ते मुकाट्यानं तक्ता पुन्हा शाईनं लिहून आणत. अक्षर असं की चिखलातून बेडूक चालत गेलाय.

तायडे बौद्ध. घरातले पहिले मॅट्रिक, आणि नागपुरात जाऊन प्रयोगशाळेचं शिक्षण घेतलेले तालुक्यातले बहुधा पहिलेच. त्यांच्या खोलीबाहेर दोन रांजण होते, एक बेडकांच्या पाण्याचा, दुसरा माणसांच्या. माणसांच्या रांजणातलं पाणी तायड्यांनी काढून दिलं तर अर्धी माणसं तहान नाही म्हणत. तीच माणसं स्वतःच्या लघवीची बाटली त्यांच्या हातात निर्धास्त देत. तायडे हे हसून सांगायचे. “माह्या हातचं पाणी नाई चालत, पण माह्या हातात पाणी चालते.” हसायचे खरे, पण मग त्या दिवशी कुणाशी बोलायचे नाहीत.

बाटल्यांचीही एक गोष्टच. बायका खेड्यातून घरात असेल त्या बाटलीत लघवी आणत. तेलाची, रॉकेलची, औषधाची. एकदा कपाशीवर फवारायच्या विषाच्या बाटलीतून आली. धुतली होती म्हणे. तायड्यांनी तीन बेडकांना टोचलं आणि तिघंही जागेवर ताठ. तायडे दिवसभर जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी डॉक्टरसाहेबांना जाऊन सांगितलं, “साहेब, बाटली खोटं बोलते. मी आता रक्तच घेन.” तेव्हापासून ते दंडातून रक्त काढत, ते गोठू देत, आणि वर सुटलेलं पिवळं पाणी बेडकाला देत.

पण ते नुसतं हो किंवा नाही यावर थांबणारे नव्हते. रक्तात ते द्रव्य किती आहे हे त्यांना मोजायचं होतं. मोजायचं यंत्र आमच्याकडं कुठून असणार. आमच्याकडं वजनकाटा होता, तोही सगळ्यांना दोन किलो जास्त दाखवायचा. तायड्यांनी मला ते समजावलं ते मी आजही विसरलो नाही.

“ताक घ्या बाबू. एक गिलास ताकात धा गिलास पाणी टाका. आंबट लागते का? लागते. मंग पन्नास टाका. लागते का? मंग दोनशे. जथी आंबट लागनं बंद झालं, तथून समजते मूळ ताक किती आंबट होतं. रक्ताचं तसंच. बेडकाची जीभ आपल्यापरीस चांगली हाय.”

एका बाईच्या रक्तासाठी असे सहा बेडूक. दहापट पातळ केलेलं दोघांना, पन्नासपट दोघांना, दोनशेपट दोघांना. शिवाय दोन साक्षीदार. एका साक्षीदाराला नुसतं मिठाचं पाणी, त्यात काही दिसता कामा नये. दुसऱ्याला खात्रीनं गरोदर असलेल्या बाईचं रक्त, त्यात दिसलंच पाहिजे. हे दोघं बरोबर बोलले तरच बाकीच्या सहांची साक्ष धरायची. ही पद्धत कोर्टातही असती तर निम्मे वकील आज बैलबाजारात दलाली करत असते.

कौसल्याबाई या ताकाच्या हिशेबातूनच आमच्याकडं आली. इंझोरीची. नवरा दौलत आणि ती, दोघंही शेतावर रोजानं जाणारे, एक चार वर्षांची मुलगी. चौथा महिना म्हणून आली, पोट मात्र सातव्याचं, आणि सारखं अंगावरून जात होतं. तायड्यांच्या सहाच्या सहा बेडकांनी साक्ष दिली. त्यांनी मग चारशे पट पातळ केलं, तरी शेपट्या वळवळल्याच. ते धावत डॉक्टरसाहेबांकडं गेले. “साहेब, हे लेकरू नाई. एवढं आंबट ताक एका लेकराचं नसते.”

डॉक्टरसाहेब पुण्याचे. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. त्यांनी तपासलं, गर्भपिशवी साफ केली. आत मूल नव्हतंच, द्राक्षांच्या घडासारखे पाण्यानं भरलेले फोड होते. द्राक्षगर्भ म्हणतात त्याला. बाई वाचली. त्या दिवशी डॉक्टरसाहेबांनी तायड्यांच्या हातचा चहा सगळ्यांसमोर घेतला. दवाखान्याच्या इतिहासात याची नोंद कुठं नाही म्हणून मी इथं करून ठेवतो.

तायड्यांना पुढचंही माहीत होतं. असा गर्भ काढल्यावर रक्तातलं ते द्रव्य उतरत जाऊन संपलं पाहिजे. संपलं नाही, पुन्हा चढलं, तर आत एक कण राहिलेला असतो आणि तो कॅन्सर होतो. पण तो लवकर सापडला तर औषधानं पूर्ण बरा होतो, असं त्यांना नागपूरला शिकवलं होतं. म्हणून दर महिन्याला कौसल्याबाईनं यायचं ठरलं. बसनं आली तर आली, नाही तर तायडे स्वतः सायकल हाणत इंझोरीला जात.

“भाऊ, किती वेळा रगत घ्यान? मी का गाय हाय का रोज पिळाले?”

“धा मायन्यांत वासरू नाई दिलं तूनं, मंग रगत तं दे.”

ती हसायची. दौलतला हे समजायचं नाही, पण बायको हसते म्हणून तोही हसायचा. वहीत तिच्या नावाखाली आकडे उतरत गेले. चारशे, मग दोनशे, मग पन्नास, मग दहा. चौथ्या महिन्यात पुन्हा पन्नास. तायड्यांनी आठ दिवस थांबून पुन्हा रक्त घेतलं. दोनशे.

डॉक्टरसाहेब विचारात पडले. नागपूरला पाठवायचं म्हणजे तिथलं ते औषध. जवळजवळ विषच, केस जातात, तोंड सोलतं. बेडकाच्या मुतावर विसंबून कुणाला विष कसं द्यायचं? ते चूक बोलत नव्हते. उन्हाळा लागला होता, आणि उन्हाळ्यात बेडूक सुस्त होतो हे पुस्तकातही आहे. ते म्हणाले, “मुंबईला आता नवी पद्धत आलीय. किरण सोडणारं औषध रक्तात मिसळतात आणि यंत्रानं मोजतात. तिथून कागद आला की मी लगेच नागपूरची चिठ्ठी देतो.”

तायड्यांना हे पटलं, किंबहुना आनंद झाला. आपल्या बेडकांचं आणि मुंबईच्या यंत्राचं जमतं का हे त्यांनाही बघायचं होतं. नव्या सोयरिकीला निघाल्यासारखे चार दिवस ते इकडून तिकडं हिंडत होते.

इथं बापूसाहेब आले. शेलूबाजारकडचे बडे अडतवाले. दवाखान्यातला एकमेव पंखा त्यांनी दिलेला. तिन्ही पात्यांवर लाल रंगात त्यांचं नाव. पंखा फिरला की नाव दिसत नसे, म्हणून ते येणार असले की आम्ही पंखा बंद ठेवून घाम पुसत बसायचो. त्यांच्या सुनेला लग्नानंतर चार वर्षं काही नव्हतं, आणि आता पाळी चुकली होती. बेडकाची तपासणी म्हटल्यावर ते ताडकन उठले होते. “आमच्या सुनेचं रगत बेडकाच्या आंगात? आन् तेबी त्याच्या हातानं?” मुंबईला नळी जाणार हे कळताच त्यांनी सुनेची नळीही त्यातच घालायला लावली. रक्त नर्सबाईनं काढलं. नळीच्या तळाशी राहिलेलं थोडं तायड्यांनी कुणाला न सांगता बेडकांना देऊन पाहिलं. दहापटीलाही काही नाही. पाणी न मिसळता दिलं त्यालाही नाही. वहीत लिहिलं आणि गप्प बसले.

इथून पुढं मी वाढवून सांगणार नाही.

नळ्या दोन. थर्मास एक. बर्फाच्या गोळेवाल्याकडून बर्फ आणला, फोडून थर्मासात भरला. तायड्यांनी नळ्यांची तोंडं मेणानं बंद केली, चिकटपट्टीवर पेन्सिलीनं नावं लिहून चिकटवली आणि नळ्या माझ्या टेबलावर ठेवून शिपायाला शोधायला गेले. सोबतचं पत्र मी लिहीत होतो. वर दवाखान्याचा शिक्का, खाली डॉक्टरसाहेबांची सही, यादीत पहिलं नाव बापूसाहेबांच्या सुनेचं, दुसरं कौसल्याबाईचं. मुंबईला जाणारा कागद. अक्षर असं आलं होतं की मलाच बघत राहावंसं वाटलं. आणि त्याशेजारी त्या दोन नळ्या, पेन्सिलीनं खरडलेल्या. मुंबईचे लोक काय म्हणतील, सरकारी दवाखाना की बेडकांचा? मी त्या पट्ट्या सोलून काढल्या. नव्या लावल्या. निळ्या शाईत, वेलांट्यांसह दोन्ही नावं लिहिली, फुंकर घालून वाळवली. तायडे आले तेव्हा नळ्या बर्फात बसल्या होत्या आणि थर्मासचं झाकण लागलं होतं.

शिपाई छोट्या गाडीनं मूर्तिजापूरला गेला, तिथून मुंबईच्या गाडीत बसला. एप्रिलचा महिना. त्याला पोचायला दीड दिवस लागला.

तीन आठवड्यांनी टपाल आलं. टपाल मीच फोडत असे. आत दोन टाइप केलेले कागद, आणि त्यांना टाचणीनं लावलेली एक छोटी चिठ्ठी. बर्फ वितळून नळ्या पाण्यात बुडाल्या होत्या, पट्ट्यांवरची नावं वाहून गेली होती, नळ्या यादीच्या क्रमानं धरल्या आहेत, खात्री नसल्यास रक्त पुन्हा पाठवावे, असं त्यात होतं. पहिल्या कागदावर बापूसाहेबांच्या सुनेच्या नावापुढं भला मोठा आकडा. दुसऱ्यावर कौसल्याबाईच्या नावापुढं काहीही नाही.

ती चिठ्ठी मी फाडली नाही. सरकारी कागद फाडणं हा गुन्हा आहे. मी ती टाचणी काढली, कागदाला व्यवस्थित दोन भोकं पाडली आणि चिठ्ठी ‘किरकोळ पत्रव्यवहार’ या फायलीत लावली. त्या फायलीत काय आहे हे बघायला माझ्या नोकरीच्या एकतीस वर्षांत एकही माणूस आला नाही. दोन कागद मी डॉक्टरसाहेबांच्या टेबलावर ठेवले.

बापूसाहेबांनी पेढे वाटले. आमच्या दवाखान्यात एक टोपली वेगळी आली. कौसल्याबाईला डॉक्टरसाहेबांनी सांगितलं, तू बरी झालीस, आता यायचं कारण नाही. तिनं वाकून नमस्कार केला आणि पेढा मुलीसाठी पदरात बांधून घेतला.

तायडे कागद बघून आले ते सरळ आत गेले. दार उघडंच होतं.

“साहेब, दोन नळ्या उलट्या झाल्या.”

“तायडे, ते यंत्र आहे.”

“यंत्र बरोबर बोललं साहेब. नावं चुकली. माह्या बेडकानं जे इच्यात सांगितलं तेच त्यानं तिच्यात सांगितलं. दोघीचे कागद अदलाबदल करून पाहा, जसंच्या तसं जुळते.”

“बापूसाहेबांच्या सुनेचं रक्त तुम्ही बेडकाला दिलं?”

तायडे म्हणाले, “दिलं. तिले दिवस नाई साहेब.”

“त्यांनी सगळ्या तालुक्यात पेढे वाटलेत. मी दोन खाल्ले.”

“पेढे खाल्ले तं खाल्ले. तं का त्या इंझोरीच्या बाईनं मराव?”

डॉक्टरसाहेबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले. मग म्हणाले, “पुन्हा पाठवायला मला कारण लिहावं लागेल. काय लिहू? बेडूक म्हणतो म्हणून?”

तायडे बाहेर आले. माझ्या टेबलापाशी उभे राहिले. कानामागची पेन्सिल हातात घेतली होती, बोटांत फिरवत होते.

“बाबू, कागदासंगं आखीन काई चिठ्ठीगिठ्ठी आली होती का?”

मी म्हणालो, “नाही.”

“नळीवरच्या पट्ट्या पक्क्या होत्या ना?”

मी म्हणालो, “तुम्हीच तर लावल्या होत्या.”

त्यांनी मान हलवली आणि आपल्या खोलीत गेले. तो दिवस, आणि पुढचे कितीतरी दिवस, मला एवढंच करायचं होतं की उठायचं आणि फाईल काढून त्यांच्या हातात द्यायची. कपाट माझ्या खुर्चीपासून चार पावलांवर होतं.

तायड्यांनी आपल्या परीनं खटपट केली. इंझोरीला गेले, दौलतला म्हणाले बायकोला नागपूरला ने. दौलत म्हणाला, “मोठ्या साहेबानं बरी हाय म्हनलं ना भाऊ. मुंबईचा कागद हाय. तुमी बेडकावरून भेवाडून काहून राह्यले?” कौसल्याबाई निंदणीला गेली होती. तायडे तिच्याकडं शेतात गेले. ती म्हणाली, “भाऊ, मले काईच होत नाई. पाहा ना, कशी धट्टीकट्टी.” त्यांनी बांधावर बसून रक्त घेतलं. दुसऱ्या दिवशी वहीत आकडा लिहिला. चारशे. तो आकडा घेऊन ते पुन्हा डॉक्टरसाहेबांकडं गेले, आणि यावेळी बापूसाहेब तिथंच बसलेले होते. सुनेच्या रक्ताचं आणि बेडकांचं त्यांनीही ऐकलं.

पुढं काय झालं ते सांगायला नको. बापूसाहेबांच्या सुनेला तिसऱ्या महिन्यात पाळी आली. मुंबईचा कागद खोटा कसा असेल? म्हणजे गर्भ होता आणि गेला. का गेला? तर त्या बेडूकवाल्यानं तिचं रगत बेडकाच्या अंगात घातलं आणि वर अभद्र बोलला म्हणून. तालुक्याला हे लगेच पटलं. माझ्या कोणत्याही गोष्टीवर तालुक्यानं इतक्या पटकन कधी विश्वास ठेवला नव्हता. वर तक्रारी गेल्या. त्या अर्जांचं अक्षर फार वाईट होतं, एवढं मी बघितलं.

पोळ्याच्या सुमारास कौसल्याबाई खोकत आली. रुमालात रक्त. छातीच्या फोटोत गोल गोल डाग. डॉक्टरसाहेब म्हणाले क्षय, इंजेक्शनं सुरू करा. तायड्यांनी तिची थुंकी सहा वेळा तपासली. “साहेब, क्षयाचा एक जंतू नाई. हे खालून वर गेलं हाय.” सातव्या दिवशी त्यांनी रजेचा अर्ज माझ्या टेबलावर ठेवला, पेन्सिलीनं लिहिलेला, आणि मंजुरीची वाट न बघता तिला आणि दौलतला घेऊन नागपूरला गेले. तो अर्ज मी परत केला नाही. शाईनं उतरवून काढला आणि मंजूर करून घेतला. माझ्या हातून तिच्यासाठी झालेलं काम म्हणजे एवढंच.

नागपूरच्या डॉक्टरांनी दोन दिवसांत ओळखलं. उन्हाळ्यात का आणली नाही असं विचारलं. ती तिथंच वारली. मुलीला दौलतची आई सांभाळायला लागली.

तायडे परत आले. कुणावर ओरडले नाहीत. मला वाटलं होतं ओरडतील. आले, मडकी धुतली, वहीत तिच्या पानावर शेवटची ओळ लिहिली आणि खाली रेघ मारली. मी वहीत डोकावलो नाही, पण रेघ मारताना पेन्सिलीचं टोक मोडल्याचा आवाज बाहेर आला. त्यांनी दुसऱ्या टोकानं रेघ पुरी केली.

महिनाभरात बदलीचा हुकूम आला. दूर, डोंगराकडच्या एका आरोग्य केंद्रात, जिथं दुर्बीणही नव्हती. प्रयोगशाळेच्या खोलीचं भांडार होणार होतं. जायच्या सकाळी ते नाल्यावर गेले आणि होते नव्हते तेवढे बेडूक सोडून आले. किती होते म्हणता? एकोणीस. मी यादी केली होती. प्रत्येकाला माफ कर गड्या म्हटलं असेल, मी सोबत नव्हतो.

तिथून ते तसेच माझ्याकडं आले. कोपरापर्यंत हात ओले, मनगटावर शेवाळ. कार्यमुक्तीचा हुकूम मी लिहून ठेवला होता. मोठ्या मेहनतीनं लिहिला होता. माणूस जातो आहे, निदान कागद तरी चांगला असावा असं मनात होतं. त्यांना म्हणालो, “इथं सही करा.”

त्यांनी कानामागची पेन्सिल काढली आणि सही केली. आयुष्यात पहिल्यांदा मी म्हणालो नाही की पेन्सिल चालत नाही.

मग त्यांनी आपला ओला तळहात त्या कागदावर ठेवला. दाबून नाही, एखाद्या पोराच्या डोक्यावर ठेवावा तसा. थोडा वेळ ठेवला आणि उचलला. माझ्या वेलांट्या फुटल्या. त्यांचं नाव, हुद्दा, तारीख, सगळं एकमेकांत मिसळून निळं पाणी टेबलाच्या कडेपर्यंत गेलं. खाली त्यांची सही होती तशी होती.

ते माझ्याकडं बघत होते. रागानं नाही. दुर्बिणीत बघताना बघायचे तसं, एक डोळा किंचित बारीक करून.

“दुसरा लिहून द्या बाबू,” ते म्हणाले. “गाडीले वेळ हाय अजून.” पेन्सिल त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली आणि बाहेर बाकावर जाऊन बसले.

ती मी उचलली होती, हे खरं सांगतो. हातात धरून बसलो. तिची दोन्ही टोकं ताजी केलेली होती. मग खाली ठेवली, दौतीत निब बुडवला आणि दुसरा हुकूम लिहिला. शाईनं. सरकारी कामात पेन्सिल चालत नाही.

एस.टी. निघाली तेव्हा मी दवाखान्याच्या फाटकात होतो. तायडे मागच्या खिडकीशी बसले होते, मांडीवर रिकामं मडकं. कागद अजून ओला असावा. तो त्यांनी दोन बोटांत धरून खिडकीबाहेर काढला होता आणि वाळत घातल्यासारखा वाऱ्यावर धरून ठेवला होता. गाडी नाल्याच्या पुलावर चढून वळेपर्यंत तो तसाच फडफडताना दिसत होता.